अण्णांच्या हातावर दर वेळी त्याच जागी उठणारा चट्टा: मिसळ, पित्त की गोळीची रिअ‍ॅक्शन?

रानजाई · १४ नोव्हेंबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. माझे सासरे, वय ६८, पिंपळगाव बसवंतला राहतात, द्राक्षबाग आहे. आम्ही दोघं नाशकात इंदिरानगरला. अण्णांच्या उजव्या हातावर, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे, रुपयाएवढा काळपट डाग आहे. एरवी नुसता डाग. दुखत नाही, खाजत नाही. पण वर्षातून दोन-तीनदा तोच डाग रातोरात लालजांभळा होतो, आग आग होते, एकदा तर मधोमध पाण्याचा फोड आला होता. चार-पाच दिवसांत निवतं आणि डाग आधीपेक्षा जास्त काळा पडतो. या दिवाळीत हाताबरोबर खालच्या ओठावरही एक नवीन ठिपका उठला, म्हणून हा धागा.

घरात निदान कधीच ठरलंय: मिसळ. अण्णा बँकेच्या नाहीतर खताच्या कामाला नाशकात आले की मिसळ खाल्ल्याशिवाय परत जात नाहीत. मग पोट बिघडतं, आणि दुसऱ्या दिवशी हात बघावा तर चट्टा लाल. आईंनी तीन वर्षांपूर्वी मिसळ बंद केली, म्हणजे तेव्हापासून अण्णा ती न सांगता खातात. ओठावर उठलं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, जर (ताप) फुटलाय, दोन दिवसांत जाईल. हाताला दुकानातून आणलेली नायट्याची ट्यूब लावतात. तिनं बरं वाटतं म्हणतात, पण ते तसंही बरं होतंच.

मला पडलेला प्रश्न एवढाच, की दर वेळी त्याच जागी कसं? पित्त तर अंगभर उठतं ना? डॉक्टरकडे चला म्हटलं तर बागेत फेलफुटी काढायचं काम चालू आहे, सध्या नाव काढू नको म्हणाले. कोणाच्या घरी असं काही झालंय का?

गोदाकाठ · १४ नोव्हेंबर, रात्री १०.१५

ताई, यात फार डोकं लावण्यासारखं काही नाही. उष्णता आहे. मिसळीचा तांबडा रस्सा, वर दोन पाव, वर कडक चहा. पित्त खवळणार नाही तर काय होणार? आमसुलं भिजत घालून ते पाणी प्यायला द्या आणि चट्ट्यावर चोळा. आमची आजी गेरू लावायची. आम्ही पंचवटीतली पोरं रामकुंडावर लाल अंगानं हिंडायचो, पण पित्त बसायचं.

द्राक्षमळा_निफाड · १४ नोव्हेंबर, रात्री १०.४०

बागायतदार आहेत म्हणता, मग आधी बागेत शोधा. ऑक्टोबर छाटणी झाली की डोळे फुटावेत म्हणून काडीला डॉरमेक्स या रसायनाची पेस्ट लावतात, ती हाताला लागली तर कातडी सोलून निघते. माझ्या स्वतःच्या मनगटावर खूण आहे. आणि पेस्टिंगच्या दिवसांत कोणी संध्याकाळी 'बसलं', तर तोंड लालबुंद, छाती धडधड, वाटतं आता संपलं सगळं. त्या रसायनामुळे दारू शरीरात नीट मोडत नाही, म्हणून डब्यावर दारू पिऊ नका असं लिहिलेलं असतं. वाचतं कोण.

बांधावरचं गाजर गवतही बघा. आमच्या गावात एकाची मान, चेहरा आणि हात गेली सात-आठ वर्षं त्या गवतानं नासलेत.

रानजाई · १५ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

@गोदाकाठ, आमसूल करून झालं काका. गेरू लावू देतील असं वाटत नाही.

@द्राक्षमळा, मलाही आधी तेच वाटलं होतं. पण पेस्टिंगला आमच्याकडे मजूर असतात, अण्णा हातमोज्याशिवाय डब्याला हात लावू देत नाहीत. आणि मागच्या वेळी उठलं ते जूनमध्ये, तेव्हा ना छाटणी ना पेस्ट. गवत असतं तर चेहऱ्यावर, मानेवर आलं असतं ना? इथे एकच रुपया.

कळसूबाई · १५ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

मी नर्स आहे, २२ वर्षं झाली. तुमच्या गोष्टीत एक पायरी गाळली गेलीये. मिसळ खाल्ली, पोट बिघडलं, चट्टा उठला. पोट बिघडलं आणि चट्टा उठला, याच्या मधे अण्णांनी काय घेतलं?

रानजाई · १५ नोव्हेंबर, रात्री ९.१०

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी दुपारीच आईंना फोन केला. आधी म्हणाल्या, "काही नाही गं, नेहमीची जुलाबाची गोळी." नेहमीची म्हणजे कुठली? तर देवघराखालच्या स्टीलच्या डब्यात असते ती. डबा उघडायला लावला. पांढऱ्या लांबट गोळ्या, पट्टी कात्रीनं कापलेली, कंपनीचं नाव गेलेलं. उरलेल्या भागावरचं त्यांनी चष्मा लावून अक्षर-अक्षर वाचलं: ऑफ्लोक्सासिन आणि ऑर्निडाझोल.

मग मी विचारलं की मिसळ खाऊन पोट बिघडलं नाही असं कधी झालं का. बऱ्याचदा, म्हणाल्या. तेव्हा चट्टा? आई जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "थांब, ह्यांना विचारते." मागून अण्णांचा आवाज ऐकू आला, "तेव्हा काही झालं असतं तर तुला कळलंच नसतं का!"

तर तेव्हा काही होत नाही. गोळी घेतली की रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उठतं.

मेडिकलवाला_सिडको · १५ नोव्हेंबर, रात्री ९.५५

सिडकोत माझं मेडिकल आहे. हे वाचून गप्प बसवत नाही.

ही जोडगोळी आमच्या धंद्यातली रोजची आहे. ऑफ्लोक्सासिन जिवाणूंसाठी, ऑर्निडाझोल अमिबासाठी, म्हणजे जुलाब कशानंही असू देत, एका दगडात दोन पक्षी. गिऱ्हाईक येतं, "जुलाबाच्या दोन द्या" म्हणतं, आणि आपण पट्टी कापून देतो. कायद्यानं ही शेड्यूल एचमधली औषधं, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. पट्टीवर लाल उभी रेघ असते ती त्यासाठीच. आणि कापताना नाव कुठल्या तुकड्यावर जातं, तारीख कुठल्या तुकड्यावर राहते, ते कात्रीला माहीत. माझ्याकडून हजार वेळा झालंय, खोटं कशाला बोलू.

अशा जोडगोळ्यांची दुसरी भानगड म्हणजे रिअ‍ॅक्शन आली तर दोघांतला चोर कोण ते कळत नाही. सरकारनं मार्च २०१६ मध्ये ३४४ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ जोडऔषधांवर बंदी आणली, म्हणून बाजारातल्या सगळ्या जोड्या गेल्या असं नाही.

बहुतेक साध्या जुलाबाला यातलं काहीच लागत नाही. ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा, पोहे खायचा नव्हे). पण पाच गिऱ्हाइकांना ओआरएस देऊन बघा, त्यातले चार शेजारच्या दुकानात जातात.

नेहमीचा_वाचक · १५ नोव्हेंबर, रात्री १०.३०

झालं. एक नर्स, एक मेडिकलवाला, एक आजीचा गेरू. रुग्णाला न बघता निदान पक्कं. उद्या इथे ऑपरेशनही करा.

त्वचावैद्य · १५ नोव्हेंबर, रात्री ११.२०

मी नाशकातच त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. वाचकांचा टोमणा रास्त आहे, त्यामुळे आधीच सांगते: हात न बघता मी निदान करणार नाही. पण हे वर्णन घेऊन कोणी माझ्यासमोर बसलं, तर माझ्या मनात पहिलं नाव येईल ते 'फिक्स्ड ड्रग इरप्शन'. ठरलेल्या जागी उठणारा औषधाचा चट्टा. ब्रोक नावाच्या फ्रेंच त्वचातज्ज्ञांनी १८९४ मध्ये त्याला हे नाव दिलं. त्यांच्यासमोरचं औषध होतं अँटिपायरिन, त्या काळातलं तापाचं आणि दुखण्याचं औषध.

त्याच जागी का, हा ताईंचा प्रश्न फार चांगला आहे, त्याचं उत्तरही गमतीचं आहे. पहिल्या खेपेला त्या जागेवर ज्या टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) चालून येतात, त्यातल्या काही परत जातच नाहीत. त्वचेच्या वरच्या थरात तळ ठोकून बसतात. पुढच्या वेळी औषध रक्तातून अंगभर फिरतं, पण त्याला ओळखणारे पहारेकरी फक्त त्या रुपयाएवढ्या जागेत असतात. ते चवताळतात आणि आजूबाजूच्या त्वचेच्या पेशी मारून टाकतात. म्हणून आग, म्हणून फोड. मेलेल्या पेशींतलं रंगद्रव्य खालच्या थरात सांडतं, आणि तिथून निघायला त्याला महिने लागतात, कधी वर्षं. तो काळा डाग म्हणजे हे सांडलेलं रंगद्रव्य. प्रत्येक खेपेला थोडं आणखी सांडतं.

पहिल्या वेळी उठायला आठवडा-दोन आठवडेही लागू शकतात. नंतर मात्र अर्ध्या तासापासून आठेक तासांत उठतं, त्यामुळे संध्याकाळी गोळी आणि रात्री चट्टा हे जुळतं. ओठ, हात, पाय आणि गुप्तांग या त्याच्या आवडीच्या जागा. शेवटच्या जागेमुळे कितीतरी पुरुष भलतीच भीती मनात धरून वर्षानुवर्षं गप्प राहतात आणि बायकोशी भांडणं होतात. हे मुद्दाम लिहिते आहे, कोणाला तरी उपयोग होईल.

पित्त वेगळं. पित्ताच्या गांधी खाजतात, फिरत्या असतात. एका जागची गांधी २४ तासांच्या आत विरते आणि दुसरीकडे उठते, मागे डाग ठेवत नाही. औषधामुळे पित्त उठणार असेल तर बहुधा मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत. औषधानं सगळ्यात जास्त वेळा उठतं ते गोवरासारखं लाल पुरळ, आधी छाती-पोटावर, मग हातापायांवर. ते औषध सुरू केल्यापासून ४ ते १४ दिवसांत येतं, कधी तर कोर्स संपल्यावर. "गोळ्या संपल्या की हो परवाच, मग त्यांचं कसं असेल?" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. शेतकऱ्यांसाठी आणखी एक: डॉक्सिसायक्लिनसारखी काही औषधं उन्हाशी मिळून त्रास देतात, मग नेमका सदऱ्याबाहेरचा भाग भाजल्यासारखा होतो, आणि दोष फवारणीला जातो.

आता सूचना. ती गोळी आजपासून बंद, पण डब्यातली पट्टी टाकू नका, घेऊन या. नायट्याची म्हणून मिळणारी ट्यूब बंद. अशा ट्यूबांमध्ये बहुतेक वेळा तेज स्टिरॉइड असतं, लाली दबते आणि कातडी पातळ होत जाते. ओठावर ठिपका आलाय म्हणजे जागा वाढताहेत, तेव्हा द्राक्षं जरा थांबतील. आणि घरी 'एक गोळी घेऊन बघू, उठतं का' हा प्रयोग अजिबात करू नका. वय झालेल्या माणसांत पुढच्या खेपेला अंगभर फोडांचे चट्टे उठू शकतात.

गोदाकाठ · १६ नोव्हेंबर, सकाळी ६.४५

डॉक्टर, मग मिसळ निर्दोष?

त्वचावैद्य · १६ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

चट्ट्यापुरती. पोटाचं मी बोलत नाही.

आडगावकर · १६ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

विषय थोडा वेगळा, पण डॉक्टर आहेत तर विचारून घेतो. माझा मुलगा चार वर्षांचा असताना ताप आणि घसा म्हणून अमॉक्सिसिलिनचं (पेनिसिलिनच्याच कुळातलं) औषध चालू होतं, सहाव्या दिवशी अंगभर लाल ठिपके आले. तेव्हापासून फाइलीवर लाल शाईत 'पेनिसिलिन अ‍ॅलर्जी' लिहिलेलं आहे. आता तो १३ वर्षांचा आहे. कुठेही गेलं की भारीतलं, महागातलं अँटिबायोटिक देतात. आयुष्यभर असंच का?

त्वचावैद्य · १६ नोव्हेंबर, दुपारी २.१०

तसं असेलच असं नाही. लहान मुलांना ज्या विषाणूचा ताप असतो, तो विषाणूच बऱ्याचदा पुरळ आणतो, आणि नाव औषधाचं होतं. ग्रंथींचा ताप म्हणून एक विषाणूचा आजार आहे, त्यात अमॉक्सिसिलिन दिलं की पुरळ उठण्याचं प्रमाण खूप असतं, पण म्हणून जन्मभराची अ‍ॅलर्जी झाली असा अर्थ होत नाही. कागदावर पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांना नीट तपासलं, तर दहातल्या नऊहून जास्त जणांना ते औषध चालतं, असं पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांमध्ये वारंवार दिसलं आहे. त्यामुळे तपासून तो शिक्का काढता आला तर जरूर काढा, पण तो अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. जाताना जुन्या पुरळाचा फोटो असेल तर न्या. तोंड आलं होतं का, साली निघाल्या होत्या का, सूज, धाप, हे आठवून लिहून न्या. त्यातलं काही झालं असेल तर उत्तर बदलतं.

कळसूबाई · १६ नोव्हेंबर, रात्री १०.००

धागा मिसळीवरून हलकाफुलका चाललाय, तो मोडायचा नाही, पण एक सांगते. नाव, गाव, हॉस्पिटल काही सांगणार नाही.

एक बाई, चाळिशीच्या. गालात विजेचा झटका बसावा तशी कळ यायची, त्याच्यासाठी कार्बामाझेपिन सुरू केलं होतं. गोळी योग्यच होती, त्या दुखण्यावर तीच देतात. सोळाव्या दिवशी ताप, घसा दुखतोय, डोळे लाल. घरच्यांना वाटलं, साथ आहे. तापाची गोळी दिली आणि कार्बामाझेपिन चालूच ठेवलं. दुसऱ्या दिवशी तोंड इतकं आलं की पाणी गिळवेना. अंगावर गडद लाल ठिपके, आणि त्या म्हणत होत्या, साडीचा स्पर्शसुद्धा नको. खाजत नव्हतं, दुखत होतं. हे लक्षात ठेवा. आमच्याकडे आल्या तेव्हा पाठीची कातडी ओल्या कागदासारखी हाताला येत होती.

स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. अंगाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी कातडी सुटली तर हे नाव, ३० टक्क्यांच्या वर गेली तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस. भाजलेल्या पेशंटसारखीच काळजी घ्यावी लागते. त्या वाचल्या. डोळ्यांत अजून दिवसातून पाच-सहा वेळा थेंब घालावे लागतात, अश्रू येत नाहीत.

फिटच्या गोळ्या, युरिक अ‍ॅसिडसाठी देतात ती अ‍ॅलोप्युरिनॉल, सल्फा, काही वेदनाशामकं. नवीन सुरू केली असतील तर पहिले दोन महिने डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. पुरळाबरोबर ताप, तोंडात किंवा खालच्या बाजूला फोड, डोळे लाल, कातडी दुखणं, तोंडावर सूज, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आणि गोळी घेतल्या-घेतल्या गांधी, ओठ-जीभ सुजणं, धाप, चक्कर असं झालं तर १०८. तिथे आमसूल नाही चालत काका, तिथे मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं.

गोदाकाठ · १६ नोव्हेंबर, रात्री १०.२०

ऐकलं, ताई.

द्राक्षमळा_निफाड · १७ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

माझ्या वडिलांना गेल्याच आठवड्यात अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केलीये. रात्री ११ वाजता त्यांना उठवून तोंड उघडायला लावलं. शिव्या खाल्ल्या. तोंड स्वच्छ आहे.

मेडिकलवाला_सिडको · १७ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

अशी रिअ‍ॅक्शन आली तर तक्रार नाही, पण नोंद करता येते हे बहुतेकांना माहीत नसतं. २०१० पासून देशात फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा) कार्यक्रम चालतो, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे त्याचं काम आहे. डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स आणि रुग्ण स्वतः, कोणीही कळवू शकतं. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. हेल्पलाइन १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी. फार्मसी कौन्सिलच्या भाषणात ऐकलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या, पण आजवर एकही फॉर्म भरलेला नाही. तुमच्या अण्णांचा भरायचा असेल तर मी मदत करतो, माझी सुरुवात होईल.

रानजाई · ६ डिसेंबर, दुपारी ४.३०

उशिरा लिहिते आहे, माफ करा. अण्णा शेवटी २९ तारखेला आले. बागेमुळे नव्हे, तर ओठावरचा ठिपका बघून व्यापाऱ्यानं विचारलं, "तात्या, विडी सुरू केली का?" म्हणून.

कॉलेज रोडच्या एका डॉक्टरांना दाखवलं. जाताना मी पट्टीचा तुकडा, मोबाइलमधले जूनचे आणि दिवाळीचे फोटो, आणि अण्णांची 'दवाखाना' लिहिलेली पिशवी घेतली. त्या पिशवीत सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, माती परीक्षणाचे अहवाल, एक लग्नपत्रिका आणि मधेच औषधांच्या चिठ्ठ्या. डॉक्टरांनी अर्धा तास ती पिशवीच तपासली. हाताकडे दोन मिनिटं बघितलं असेल.

त्यातून निघालं ते असं. २०२२ मध्ये लघवीच्या जंतुसंसर्गासाठी अण्णांनी सात दिवस नुसतं ऑफ्लोक्सासिन घेतलं होतं. चट्टा आठवत नाही, आणि आईंनाही आठवत नाही (आईंना अण्णांच्या बाबतीत सगळं आठवतं). म्हणजे संशय ऑर्निडाझोलवर. मग डॉक्टरांनी विचारलं, पहिला डाग कधी पडला? अण्णा म्हणाले, "दाढ काढली त्या साली." दाताच्या डॉक्टरांची चिठ्ठीही सापडली, तिच्यावर मेट्रोनिडाझोल. ते ऑर्निडाझोलचंच भावंड निघालं! हिरडीच्या सुजेवर दंतवैद्य ते सर्रास देतात. एका भावंडानं चट्टा उठला की दुसऱ्यानंही उठू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. दाढेच्या वेळी घरी कोणाला कळलं नाही, कारण तेव्हा सगळ्यांचं लक्ष सुजलेल्या गालाकडे. 'इंजेक्शनची सुई लागली असेल' असं समजून सोडून दिलेलं.

चिठ्ठीवर एक वेदनाशामकही होतं, त्यामुळे शंभर टक्के सांगता येत नाही. पण ते वेदनाशामक अण्णा गुडघ्यासाठी एरवीही घेतात आणि काही होत नाही.

खात्रीसाठी चाचणी आहे. औषध मलमात मिसळून थेट जुन्या डागावर पट्टी लावतात. चांगल्या कातडीवर लावून उपयोग नाही, कारण पहारेकरी तिथे नाहीत (त्वचावैद्य ताईंचा शब्द मी डॉक्टरांना सांगितला, ते हसले). पण एकदा उठून गेल्यावर काही आठवडे ती जागा दमलेली असते, लगेच केलं तर खोटं उत्तर येतं. म्हणून जानेवारीत बोलावलंय. आणि पट्टीवर काही नाही उठलं तरी ही औषधं टाळायचीच, असं बजावलंय.

सध्या लावायला एक साधं मलम दिलंय, डाग हळूहळू फिकट होईल म्हणाले. पूर्ण जाईल असं म्हणाले नाहीत.

एक कार्ड करून दिलंय. त्यावर 'अँटिबायोटिक चालत नाही' असं नाही, तर नावं: ऑर्निडाझोल, मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, सेक्निडाझोल. खाली तारीख, काय उठलं आणि कुठे. मी त्याच्या तीन प्रती काढून एक अण्णांच्या पाकिटात, एक देवघराखालच्या डब्यात चिकटवली, एक माझ्या फोनमध्ये. डब्यातली गोळी गेली, तिथे आता ओआरएसच्या पुड्या आहेत. अण्णांना त्यांची चव 'घामासारखी' लागते.

@मेडिकलवाला दादा, फॉर्मसाठी व्यक्तिगत निरोप केलाय.

मेडिकलवाला_सिडको · ६ डिसेंबर, सायंकाळी ६.०५

मिळाला. कागद घेऊन या, चहा माझ्याकडून. आणि एक सांगतो, गेल्या आठवड्यापासून पट्टी कापली की पाकिटावर औषधाचं नाव पेनानं लिहून देतोय. पोरगा वैतागलाय, गर्दीत वेळ जातो म्हणतो. जुलाबाची मात्र अजून मागतातच.

आडगावकर · ६ डिसेंबर, रात्री ८.३०

आम्ही पण भेटीची वेळ घेतली आहे, पोराची परीक्षा झाल्यावर. जुना फोटो सापडला, पण तो त्याच्या वाढदिवसाचा आहे, ठिपके कुठले आणि केकचं क्रीम कुठलं ते कळत नाहीये.

नेहमीचा_वाचक · ६ डिसेंबर, रात्री ९.१५

माझ्या उजव्या पायाच्या घोट्यावर असाच एक डाग आहे. सर्दी झाली की लाल होतो. इथे विचारत नाही, दाखवून येतो. सर्दीला काय घेतो ते आधी लिहून काढलं.

गोदाकाठ · ७ डिसेंबर, सकाळी ६.५०

छान झालं. आणि मिसळीचं काय ठरलं?

रानजाई · ७ डिसेंबर, सकाळी ९.४०

काका, डॉक्टरांकडून निघाल्यावर अण्णा गाडीत बसेनात. "निर्दोष सुटलीये ना? मग चल." गेलो. दोन पाव, तर्री वेगळी मागवून. संध्याकाळी पोट बिघडलं ते बिघडलंच. ओआरएस प्यायले, रात्रभर हात दिव्याखाली धरून बघत होते, सकाळी पिंपळगावला फोन करून आईंना सांगितलं, "बघ, काही उठलं नाही."

आई म्हणाल्या, "हाताला नाही उठलं. रात्री किती वेळा उठलात ते सांगा."